खाड्यांची वही

तांब्या खाली ठेवताना मी आधी करंगळी टेकवते. तांब्याची कड करंगळीवर येते, मग करंगळी हळूच सरकवून काढायची, की फरशीला आवाज होत नाही. पातेल्यावर झाकण ठेवतानाही तसंच, आधी एक बाजू टेकवायची, मग दुसरी. परवा लेक म्हणाली, "आई, घरात आपण दोघीच आहोत, कुणी झोपलेलं नाही. मग एवढी जपून का वावरतेस?" मला उत्तर सुचेना. असं वागायला मला कुणी शिकवल्याचं आठवत नाही. 'आवाज करू नकोस' असं आईने बजावल्याचंही आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की आमच्याकडे दिवसाच्या कुठल्याही वेळी कुणी ना कुणी झोपलेलं असायचं.

डिलाईल रोडची बीडीडी चाळ. रस्त्याच्या पाटीवर ना. म. जोशी मार्ग लिहिलेलं असलं तरी आमच्या तोंडी आजही डिलाईल रोडच. १९२०च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या या चाळी, वरळी, नायगाव, शिवडी आणि आमच्या मिळून २०७. तळमजला आणि वर तीन मजले, मजल्यावर वीस खोल्या, मधून बोळ, खोली १६० चौरस फुटांची. तिसऱ्या मजल्यावरच्या अशा एका खोलीत मी १९६६ साली जन्मले आणि अठरा वर्षं राहिले.

बाबा गिरणीत साचेवाले, म्हणजे मागावर कापड विणणारे. पहिली पाळी सकाळी सातची, दुसरी दुपारी साडेतीनची, तिसरी रात्री बाराची. बाबांची पाळी बदलली की घराचा दिवस बदलायचा. ते रातपाळीला असले की सकाळी आमची शाळेची तयारी त्यांच्या उशाशी, अंधारात, कुजबुजत. पण खरी झोप असायची ती शेजारच्या खोलीत. ती गावकीची खोली. संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या गावच्या मंडळाने पागडी भरून घेतलेली. त्या खोलीत पस्तीसेक माणसं राहायची. खरं तर राहायच्या त्यांच्या ट्रंका. भिंतीला लागून एकावर एक रचलेल्या, वर खुंट्यांची रांग, प्रत्येकाची खुंटी ठरलेली. एकाची वळकटी उचलली की त्याच जागेवर दुसऱ्याची पसरायची. फरशी कधी थंड पडायची नाही.

त्या खोलीला कायदे होते. महिन्याची वर्गणी चुकवायची नाही. पिऊन आत यायचं नाही. गावाहून नवा पोरगा आला तर तीन महिने त्याच्याकडून पैसा घ्यायचा नाही, तेवढ्यात कुणीतरी त्याला आपल्या खात्यात बदली कामगार म्हणून लावून द्यायचं. कुणाच्या घरून मयताची तार आली की वर्गणीच्या पेटीतून आधी एसटीच्या तिकिटाचे पैसे निघायचे, विचारपूस नंतर. याच पेटीतून गावच्या शाळेची कौलं झाली, वहाळावरचा साकव झाला. लहानपणी मला वाटायचं, गाव म्हणजे मुंबईतल्या आमच्या शेजारच्या खोलीने लांब कुठेतरी सांभाळलेली एक वस्तू आहे. शिमग्याला पालखीच्या वेळी पहिल्यांदा गाव नीट पाहिलं, तर तिथली निम्मी माणसं मला नावाने, आवाजाने, चालीने ओळखीची निघाली. कोण उजव्या कुशीवर झोपतो हेसुद्धा मला ठाऊक होतं.

ही माणसं जेवायला आमच्याकडे. आई खाणावळ चालवायची. बावीस जण, तीन पाळ्यांत. भात, भाकरी, आमटी, कुळथाचं पिठलं, बुधवारी बांगडा नाहीतर सुकट, रविवारी मटण. पंपाचा स्टोव्ह भरभर आवाज करतो म्हणून दुपारी आई तो लावत नसे. वातीच्या स्टोव्हवर रॉकेल जास्त जळायचं, वेळ जास्त लागायचा, तरी दुपारी वातीचाच. का, ते तिने कधी सांगितलं नाही आणि आम्ही कधी विचारलं नाही. आमच्या अंगात जे काही मुरलं ते असं. समोर चालू असलेलं बघून हातांनी उचललं, डोक्याला त्याचा पत्ता फार उशिरा लागला.

गिरणगावात अशा खाणावळवाल्या बायका हजारोंनी होत्या. नवरा गिरणीत, बायको दहा-वीस माणसांचं रांधणार, वाण्याचं उधार अंगावर, व्याज सावकाराचं. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, बँकेचं कर्ज मिळवून दिलं, तेव्हा कुठे या कामाला धंदा म्हणून मान मिळाला. आमच्या बोळातल्या दोघी त्यात गेल्या. आई गेली नाही. अंगठा उठवायची तिला लाज वाटायची. पुढे याचा तिला पश्चात्ताप झाला, तो तिने बोलूनही दाखवला.

आईला लिहिता येत नव्हतं, तरी वही होती. लाल पुठ्ठ्याची, लांबट, वाण्याकडे असते तशी. डाव्या बाजूला माणसं, वर तारखा. माणसांची नावं नव्हती, चित्रं होती. एकापुढे छत्री, कारण ते काका पावसाळा संपला तरी छत्री घेऊन फिरायचे. एकापुढे चष्मा. एकापुढे मृदंग, ते आमच्या भजनाचे बुवा. एकापुढे नुसतं टिंब, तो सगळ्यांत धाकटा पोरगा. मी तिसरीत गेले तशी आईने वही माझ्याकडे दिली, आणि मी मोठ्या ऐटीत चित्रांच्या जागी नावं लिहिली. त्यानंतर रोज रात्री आई भांडी घासता घासता सांगायची आणि मी फुल्या मारायचे.

फुली म्हणजे खाडा. ज्या वेळेला माणूस जेवायला आला नाही, त्या वेळेचे पैसे महिन्याच्या हिशेबातून वजा करायचे. बस, वहीत एवढंच. कोण किती भाकऱ्या जेवला हे त्या वहीत कधीच नव्हतं. आणि जेवणारे सारखे नव्हते. मृदंगवाले बुवा दीड भाकरीत उठायचे, तर साच्यावर आठ तास उभा राहून आलेला एखादा पाच खायचा. पैसे दोघांचे तेच. मला तेव्हा गणित आवडायला लागलं होतं. मी आईला म्हटलं, हे बरोबर नाही, भाकऱ्याही लिहून ठेवूया. आई म्हणाली, "जेवणाऱ्याच्या भाकऱ्या मोजू नयेत. त्याला कळतं. घास अडतो." मग जरा थांबून म्हणाली, "जो आला नाही त्याच्याकडे लक्ष ठेवायचं."

सलग दोन खाडे लागले की ती मला शेजारी पाठवायची. "बघून ये गं, अंगात ताप आहे की पगार गावाला पाठवून बसलाय." मी गावकीच्या दारात उभी राहून नुसती नजर टाकायचे. तापाने पडलेला माणूस आणि भूक मारून पडलेला माणूस यांतला फरक मला दहाव्या वर्षी कळत होता. तापाचा माणूस कुशी बदलत असतो. भुकेचा भिंतीकडे तोंड करून पडतो.

पुढे पस्तीस वर्षं मी महापालिकेच्या रुग्णालयात नर्स होते. वॉर्डात राउंड घेताना चार्ट हातात यायच्या आधी माझी नजर कॉटखालच्या ताटांवर जायची. कुणाचं ताट झाकलेलं राहिलंय? कुणाच्या नातेवाइकाने दोन दिवसांत डब्याची पिशवी आणलेली नाही? नव्या मुली विचारायच्या, सिस्टर, तुम्हाला कसं कळतं? ट्रेनिंगमध्ये हे कुणी शिकवत नाही. रातपाळ्याही मला कधी जड गेल्या नाहीत. माझ्या बरोबरीच्या मुली हॉस्टेलवर दिवसा झोप लागत नाही म्हणून रडायच्या. मी उजेडात, भांड्यांच्या आवाजात, कुठेही झोपायचे, कारण झोपेला वेळ नसते, पाळी असते, हे माझ्या जन्माच्या आधीपासून आमच्या खोलीत ठरलेलं होतं. लोक माझ्या शांतपणाचं कौतुक करत. तो शांतपणा माझा नव्हता. गावकीच्या खोलीत झोपलेल्या माणसांचा होता.

इथवरचं सांगायला मला नेहमी आवडलं आहे. निरोप समारंभातही मी हेच सांगितलं, लोकांनी डोळे पुसले. पण तेवढंच सांगून थांबणं खोटेपणाचं आहे, हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं.

मैदानापलीकडच्या चाळीतली एक मुलगी माझ्या वर्गात होती. माझ्याच बाकावर. पुढे तीही नर्स झाली आणि बरीच वर्षं दुसऱ्या रुग्णालयात काढून बदलीवर आमच्याकडे आली. एका रातपाळीत चहा घेताना ती सहज म्हणाली, "तुमच्या घरचा कप अजून आठवतो मला. निळ्या फुलांचा, कान तुटलेला. खिडकीत वेगळा ठेवलेला असायचा." मी म्हटलं, कुठला कप? ती माझ्याकडे बघत राहिली. तिला खरंच वाटेना की मला आठवत नाही. चौथीत असताना ती दोनदा आमच्याकडे आली होती. दोन्ही वेळा आईने तिला त्याच कपात चहा दिला. दुसऱ्या वेळी तो कप तिला स्वतःला विसळून पुन्हा खिडकीत ठेवायला सांगितलं. तिसऱ्यांदा ती आली नाही. मी का येत नाहीस म्हणून विचारलंसुद्धा नव्हतं.

मी ती सबंध पाळी कशी काढली ते माझं मला ठाऊक. डोकं खाजवून खाजवून आठवायचा प्रयत्न केला. खिडकी आठवली, खिडकीतलं तुळशीचं डबडं आठवलं, कप काही केल्या आठवेना. बावीस माणसांच्या तीसेक वर्षांपूर्वीच्या सवयी मला पाठ, कोण कुठल्या कुशीवर झोपतो ते पाठ, आणि माझ्याच मैत्रिणीचा कप माझ्या डोळ्यांना दिसलाच नव्हता.

मग बाकीचंही एकेक उलगडत गेलं. आमच्या खाणावळीत जेवायला आमच्या गावची, आमच्या जातीची माणसं होती, याकडे मी कधी लक्षच दिलं नव्हतं. बाबा अभिमानाने सांगायचे, "साचाखात्यात कुणालाही घेत नसत." मी ते शाळेत मैत्रिणींना सांगायचे, तिलाही सांगितलं असणार. मला वाटायचं, ते काम कौशल्याचं म्हणून. कौशल्याचं होतंच, आणि त्यात पगारही जास्त होता. पण खरं कारण धोट्यात, म्हणजे साच्यात आडवं सूत घेऊन इकडून तिकडे धावणाऱ्या लाकडी तुकड्यात होतं. धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचं सूत धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावं लागे. एकाच्या तोंडचा धोटा दुसऱ्याच्या तोंडी जायचा. म्हणून अस्पृश्य मानलेल्या कामगारांना साचाखात्याची दारं बंद होती. त्यांनी कमी पगाराच्या खात्यांत राबायचं, प्यायचं पाणीही त्यांचं वेगळं. १९२८च्या मोठ्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर रोखठोक मांडला होता. कामगारांच्या एकीची एवढी भाषणं ज्या मैदानांत झाली, त्या मैदानांच्या दोन बाजूंना दोन वस्त्या होत्या. जानेवारी १९७४मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींत सवर्ण आणि दलित वस्त्यांमध्ये दंगल पेटली. मी सात-आठ वर्षांची. आईने आम्हाला खिडकीपासून लांब बसवलं होतं, एवढं आठवतं. मैत्रिणीला त्या दिवसांतला दगडांचा आवाज आठवतो.

जो आला नाही त्याच्याकडे लक्ष ठेवायचं, हे आईने मला शिकवलं. पण खाडा लागायला आधी वहीत नाव असावं लागतं. आमच्या वहीत बावीस नावं होती, आणि माझी माया, माझी काळजी, माझी नजर सगळी त्या बावीस रेघांच्या आत वाढली. वॉर्डात मी सगळ्यांची ताटं बघत होते असं मला वाटायचं. आता मी माझी मलाच विचारते, खरंच सगळ्यांची बघत होते का? काही ताटांवरून माझी नजर त्या कपावरून गेली तशी अलगद गेली नसेल कशावरून?

मी आईला विचारलं होतं. तेव्हा ती सत्तरी ओलांडलेली, पाय सुजलेले, कॉटवर बसून लसूण सोलत होती. कपाचं सांगितलं. तिला कप आठवत होता. मुलगी आठवत नव्हती. हातातला लसूण तसाच धरून ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "ती पोर कधी जेवून गेली होती का गं आपल्याकडे?" मी म्हटलं, नाही, चहाच. आईने मान खाली घातली आणि पुन्हा लसूण सोलायला घेतला. त्याच्यापुढे आम्ही दोघी त्यावर कधी बोललो नाही. आईवर माझं जीवापाड प्रेम होतं, अजून आहे. त्या दिवसापासून त्या प्रेमात एक सल आहे, आणि तो काढून टाकावा असं मला वाटत नाही.

याच गिरणगावात, याच माणसांत, कितीतरी वर्षं आधी एका गिरणी कामगाराला रस्त्यावर टाकून दिलेलं मूल सापडलं होतं. त्या गंगाराम सुर्व्यांनी मुलाची जात शोधली नाही, जन्म शोधला नाही. घरी नेलं, बायकोच्या ओटीत घातलं, आपलं आडनाव दिलं. ते मूल म्हणजे नारायण सुर्वे. गिरणगावात पडेल ती कामं करत, पालिकेच्या शाळेत शिपाई आणि पुढे शिक्षक होत त्यांनी मराठी कवितेत कामगार उभा केला, आणि १९९५ साली परभणीच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं. २०१०मध्ये ते गेले तेव्हा मी वॉर्डात ड्युटीवर होते. बातमी कळली तशी मला त्यांच्या कवितेआधी ते अनाम मूल उचलणारे हात आठवले. गंगाराम सुर्वेबाबासुद्धा कुठल्या तरी चाळीत, कुठल्या तरी बोळात वाढलेले असणार. त्यांच्याही कानावर लहानपणापासून तेच पडलं असणार, जे माझ्या आईच्या कानावर पडत होतं. मग त्यांचे हात पुढे कसे झाले आणि आईचा हात खिडकीतल्या कपाकडे का गेला? यावर मी खूप विचार केला आहे. आईला त्या वेळी कुणी अडवणारं नव्हतं आणि कुणी बळ देणारंही नव्हतं. सुर्वेबाबांना काशीबाईंसारखी बायको होती, जिने ते मूल ओटीत घेतलं. एवढ्यापर्यंत मला समजतं.

मग संप आला. १८ जानेवारी १९८२. मुंबईच्या साठेक गिरण्या, अडीच लाखांच्या घरात कामगार. पुढारी डॉ. दत्ता सामंत. माझं दहावीचं वर्ष. सुरुवातीला चाळीत लग्नघर असल्यासारखं होतं. तिन्ही पाळ्यांची माणसं पहिल्यांदाच एकाच वेळी जागी होती. बोळ माणसांनी भरलेला, रात्री भजनं, पहाटेपर्यंत गप्पा. भोंगा वाजायचा बंद झाला आणि आम्ही मुलांनी पहिल्यांदा घरात मोठ्याने बोलायला सुरुवात केली. दोन महिन्यांत मिटेल, असं बाबा म्हणायचे.

मार्चमध्ये छत्रीवाले काका गावी गेले. मग एकेक करून बरेच गेले. शेती असलेले गेले, नसलेले राहिले. गावांकडून तांदूळ, नाचणी आली, ती गावकीच्या खोलीत पोत्यांनी रचली होती. जूनपर्यंत ती संपली. आईने दर महिन्याचं बिल मागणं सोडून दिलं होतं. वाण्याने उधार बंद केलं तेव्हा तिने बांगड्या काढल्या. कुणाला कळू नये म्हणून हिरव्या काचेच्या जास्त भरल्या.

त्या दिवसांतली वही मला पानापानाने आठवते. फुल्याच फुल्या. माणसं होती, शेजारच्या खोलीत होती, आणि जेवायला येत नव्हती. "वहिनी, आज भूक नाही." "वहिनी, बाहेर खाऊन आलो." आईला सगळं कळत होतं. पैसे द्यायला जमत नाहीत म्हणून माणसं आपणहून खाडे लावून घेत होती. मग ती पातेल्यात पेज आणि त्यात मूठभर कुळीथ घालून मला शेजारी पाठवायची. जाताना बजावायची, "उरलंय म्हणून सांग. टाकून द्यावं लागेल म्हण. त्यांच्यासाठी केलंय असं चुकूनही म्हणू नकोस." मी दारात उभी राहून म्हणायचे, "काका, आईने जास्त केलं, संपवा ना." ते माझ्याकडे न बघता पातेलं घ्यायचे. पातेलं परत यायचं ते घासून, पालथं घालून, पुसून.

संप कुणी रीतसर मागे घेतला नाही. तो विरत गेला. १९८३मध्ये सरकारने १३ गिरण्यांचा कारभार आपल्याकडे घेतला, काही गिरण्या थोड्या माणसांनिशी सुरू झाल्या, कितीतरी कामगारांना पुन्हा आत घेतलंच नाही. बाबा त्यांतले. ज्या साच्यापाशी ते बावीस वर्षं उभे होते, तो पुन्हा बघायलाही त्यांना गेटाच्या आत सोडलं नाही. त्यांनी भाजी विकली, वॉचमन झाले, आणि रात्रभर जागून सकाळी घरी येत, तेव्हा आम्ही पुन्हा कुजबुजायला लागलो. नर्सिंगच्या ट्रेनिंगला मी गेले ते सेवाभाव वगैरे मनात ठेवून गेले नाही. तिथे राहायला हॉस्टेल होतं आणि महिन्याला विद्यावेतन मिळत होतं.

आमच्याच बोळातला एक मुलगा होता. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. त्याचे वडील आमच्या वहीतले. लहानपणी तो आणि मी मिळून गिरणीच्या गेटवर डबे पोचवायचो. उन्हात त्याने माझे दोन डबे आपल्या हातात घेतलेले मला लख्ख आठवतात. संपानंतर तो टोळीत गेला. त्या काळात परळ-लालबाग-डिलाईल रोडच्या कितीतरी घरांतून अशी पोरं गेली. तो नव्या मोटारसायकलवरून यायचा. चाळीच्या फाटकाशी आला की इंजिन बंद करायचा आणि गाडी ढकलत आत आणायचा. दिवसा दोन वाजतासुद्धा. रातपाळीची माणसं झोपली असतील म्हणून. तोवर चाळीत रातपाळीचं कुणी उरलेलं नव्हतं. एके दिवशी तो गेला तो परत आलाच नाही. त्याची आई मरेपर्यंत संध्याकाळी फाटकाकडे बघत उभी असायची.

एकाच बोळात, एकाच पातेल्यातलं खाऊन आम्ही दोघं वाढलो. मला हॉस्टेलचा फॉर्म आणून देणारी एक शिक्षिका भेटली, त्याच्या खांद्यावर हात ठेवणारा माणूस दुसराच निघाला. मी चांगली होते म्हणून वाचले, असं मला कुणी म्हणालं की राग येतो. तो गाडी ढकलत आणायचा, हे त्या म्हणणाऱ्याला माहीत नसतं.

आता चाळ जाते आहे. म्हाडाने पुनर्विकास हाती घेतला आहे, १६० चौरस फुटांच्या जागी ५०० चौरस फुटांचं घर. वरळीत ऑगस्ट २०२५मध्ये पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या लोकांच्या हातात पडल्या. जुनं जातंय म्हणून उसासे टाकणारे खूप भेटतात. मी टाकत नाही. मजल्यावरच्या सामाईक संडासापुढे, हातात बादली घेऊन, रात्री दोन वाजता सात महिन्यांची पोटुशी बाई उभी राहिलेली मी पाहिली आहे. तिला घरात मोरी आणि संडास असलेलं घर मिळालं असतं तर चाळीचं कुठलंच वैभव कमी झालं नसतं. आमच्या खोलीचा ताबा भावाकडे. बांधकामासाठी ती रिकामी करायची वेळ आली तेव्हा त्याने मला फोन केला, "ये, माळ्यावरचं आईचं सामान बघून जा." आई त्याच्या आधीच गेली होती.

मी डोंबिवलीहून गेले. गावकीच्या खोलीचं दार उघडं होतं, आत खुंट्यांची रांग तेवढी शिल्लक होती. आमच्या माळ्यावर पाटा, पितळेची परात, वातीचा स्टोव्ह. परातीखाली पेपरात गुंडाळलेल्या तीन वह्या. भाऊ म्हणाला, "रद्दीत टाकू?" मी त्या घेऊन खिडकीत बसले.

तिसरी वही १९८२ची. ऑगस्टचं पान. डावीकडे माझ्या अक्षरातली नावं, त्यातली निम्मी खोडलेली, पुढे फुल्या. सगळ्यात खाली, नावं संपल्यावर, एक रेघ सोडून, त्याच शाईत, माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: आई. तिच्यापुढे तारखांच्या चौकटींत सतरा फुल्या.

ते मी कधी लिहिलं, किती रात्री लिहिलं, मला काही आठवेना. सगळ्यांचं झाल्यावर ती जेवायला बसायची आणि पातेलं खरवडल्याचा आवाज यायचा, तो आठवला. काही रात्री तो आवाज यायचा नाही. आईला वाचता येत नव्हतं. फुल्या मात्र मोजता यायच्या, महिनाअखेरीस ती प्रत्येक रेघेवरून बोट फिरवत मोजायची. त्या पानावरही मोजल्या असणार. प्रत्येक नावापुढे तिची खूण होती, हिशेब झाला म्हणून हळदीच्या बोटाची. बावीस नावांपुढे पिवळे ठिपके. शेवटच्या रेघेवरही बोट फिरलेलं होतं. पहिल्या फुलीपासून सतराव्यापर्यंत, पुसट पिवळं.